कॅसेटची दुसरी बाजू

"ते पातेलं खाली ठेवा बघू," बायको म्हणाली. "अहो, दोन माणसांचा स्वयंपाक आहे. बोटीवर नाही आपण."

कॅप्टनने पातेलं खाली ठेवलं. घरातले झाडून सगळे बटाटे त्याने सोलून त्यात टाकले होते. बायकोने पातेल्यात डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आता हे कोण खाणार?"

"गल्लीत वाटू."

"वाटा. परवाचं सूपही वाटलंत. लोक आता मला बघून दारं लावून घेतात."

तो हसला, पण ती हसली नव्हती, म्हणून त्याने हसू आवरलं आणि टॉवेलला हात पुसत बाहेर येऊन खुर्चीत बसला.

गल्ली त्याला कॅप्टन म्हणे, पण कॅप्टन तो कधीच नव्हता. मालवाहू जहाजावर आचारी होता. सुरुवातीला तो लोकांची चूक दुरुस्त करायचा, पुढे कंटाळून सोडून दिलं. उभं आयुष्य त्याने हलणाऱ्या चुलीपुढे काढलं होतं. वादळात भांडी साखळीने बांधून वीस-पंचवीस माणसांना वेळेवर जेवू घातलं होतं. आता कायमचा घरी आला होता, आणि या न हलणाऱ्या घरात त्याला काही म्हणता काही सुधरत नव्हतं. कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो ते कळत नव्हतं. दूधवाला दोनदा बेल वाजवतो आणि ती आपल्यासाठी नसते, हेही शिकावं लागलं. बायकोचा दिवस आखलेला होता आणि त्या आखणीत तो कुठेच नव्हता. तिचा दोष नव्हता. वर्षातून महिना-दीड महिना येणाऱ्या माणसासाठी कोण जागा राखून ठेवील?

आणि बोलायचं तरी काय? जेवताना तो म्हणायचा, "छान झालंय." ती म्हणायची, "अजून वाढू?" तो म्हणायचा, "नको." झालं. मग ताटं उचलली जायची.

रविवारी मुलगी आली. तिला घरात अजून छकुली म्हणत, जरी ती आता स्वतः एका चष्म्याच्या दुकानाची निम्मी मालकीण होती आणि वाढत्या नंबराबद्दल भल्याभल्यांना दटावत असे. तो न्हाणीघरात दाढी करत होता. स्वयंपाकघरातलं बोलणं झडपेतून स्वच्छ ऐकू येत होतं.

"बाबा रमले का गं?"

"रमतायत."

"आणि तू?"

थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "खरं सांगू? बोटीवर होते तेव्हाच बरं होतं. तेव्हा बोलायचे तरी."

त्याने अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून नळ सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. बोटीवर असताना तो खरंच बोलायचा. कागद पुढे घेतला की 'मी खुशाल आहे'च्या पुढे त्याची गाडी सरकत नसे. मग एका बंदरात त्याने हातात मावेल असा टेपरेकॉर्डर घेतला आणि त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं. बंदराला बोट लागली आणि दुपारचं जेवण उरकलं, की तो मशीन घेऊन उतरायचा. धक्क्यावर, बाजारात, एखाद्या पुलावर उभा राहून लाल बटण दाबायचा. "हं, ऐकतेस ना? तर मी आता उभा आहे मासळीबाजारात. हा जो खडखडाट येतोय ना, ती बर्फ फोडायची मशीन. आणि ही बाई ओरडतेय ती माझ्यावर नाही, नवऱ्यावर ओरडतेय. ऐक." आणि मशीन त्या बाईच्या दिशेने धरायचा. कॅसेट भरली की घरी पाठवायचा. घरी ती आली की गल्लीतल्या बायका जमत. लाकडांचं बंदर, कोळशाचं बंदर, जिथे धुक्यामुळे दिवसभर भोंगे वाजतात ते बंदर, हे सगळं बायकोने या घरात बसून ऐकलं होतं. उलट कॅसेट मात्र तिने कधी पाठवली नाही. बोट पुढे कुठे जाणार ते बोटीलाच ठाऊक नसे. कंपनीच्या पत्त्यावर टाकलेली वस्तू कुठल्यातरी बंदरात महिनोन्‌महिने पडून राही.

सोमवारी त्याने ट्रंकेतून मशीन काढलं. आतला पट्टा सैल झाला होता. घड्याळवाल्याने तो बदलून दिला आणि विचारलं, "कॅप्टन, हे अजून वापरता?"

"बघू," तो म्हणाला.

पहिल्यांदा तो बसस्टँडवर गेला. खांबाला पाठ टेकून उभा राहिला. इकडेतिकडे पाहिलं. लाज वाटली. मग बटण दाबलं आणि तोंडून आपोआप निघालं, "हं, ऐकतेस ना? तर मी आता उभा आहे आपल्याच बसस्टँडवर."

ते 'आपल्याच' म्हणताना त्याची त्यालाच गंमत वाटली. या गावाचं बसस्टँड त्याने नीट पाहिलंच नव्हतं. सुट्टीवर आला की हातात बॅग, पुढे घर. निघाला की हातात बॅग, पुढे बोट. जगातली बंदरं पालथी घातलेल्या माणसाला आपल्या गावात नदीच्या पलीकडे काय आहे ते माहीत नव्हतं.

घरी येऊन त्याने कॅसेट जेवणाच्या टेबलावर ठेवली, पुन्हा चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसला. अंधार पडायला लागला तेव्हा परतला. कॅसेट जागेवर होती, पण उलटी. चहा झाकून ठेवलेला होता.

"तो चौकशीच्या खिडकीतला माणूस किती वसकन अंगावर येतो हो," बायको म्हणाली.

"त्याची दाढ दुखत होती. गालाला रुमाल बांधला होता."

"मग तसं सांगायचं ना मशीनमध्ये. मी उगाच त्याला शिव्या घातल्या."

कायमचं घरी आल्यापासून त्यांच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

मग तो रोज निघू लागला. भाजीच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याने हातातलं मशीन बघून त्याला सरकारी माणूस ठरवलं. "साहेब, आमचा काटा बरोबर आहे. शेजारच्याचा तपासा." तो म्हणाला, "अहो, मी आचारी आहे." व्यापारी म्हणाला, "सगळे आधी असंच सांगतात," आणि बळेच हातात कोबी दिला. हे सगळं कॅसेटमध्ये आलं. ते ऐकून बायको इतकी हसली की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत त्याला ऐकू गेलं. सुटणारी शाळा, छापखाना, धोब्यांची इस्त्री, नदीच्या पुलावरचा वारा. तो घरी आणून टेबलावर ठेवी, ती ऐके, आणि मग जेवताना बोलायला काहीतरी असे. समोरासमोर बसून त्याला जे जमत नव्हतं ते असं वळसा घालून जमू लागलं. छकुली एकदा म्हणालीही, "तुम्ही दोघं एकाच घरात राहून पोस्टाने बोलता." पण म्हणताना ती खूश होती.

एका दुपारी तो रेल्वेचं फाटक ओलांडून पलीकडे गेला. तिकडे एक जुनं मोठं हॉस्पिटल होतं. आवारात उंच झाडं होती आणि त्यांवर पाखरांची दाटी. तो हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभा राहिला. "हं, ऐकतेस ना? या बाजूला मी पहिल्यांदाच आलो. काय सुरेख जागा आहे. हॉस्पिटल आहे, पण बागेत आल्यासारखं वाटतं. ही पाखरं ऐक. आजारी माणूस निम्मा इथेच बरा होत असेल."

त्या संध्याकाळी तो परतला तेव्हा कॅसेट मशीनमध्येच होती, अर्ध्यावर थांबवलेली. चहा नव्हता. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ऐकलीस?"

"डोकं दुखतंय जरा."

दुसऱ्या दिवशीही डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने छापखान्याशेजारच्या बेकरीचा आवाज आणला. ती कॅसेट तिने हातातही घेतली नाही. त्याने परोपरीने आठवून पाहिलं, कुठे काय चुकलं. काही सापडेना. शेवटी तो छकुलीच्या दुकानात गेला.

ती काउंटरमागे एका भिंगाची कड घासत होती. त्याने सगळं सांगितलं. फाटक, झाडं, पाखरं. ऐकताऐकता तिचे हात थांबले.

"बाबा, ते कुठलं हॉस्पिटल आहे ठाऊक आहे तुम्हाला?"

त्याने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला कळलं.

छकुलीच्या पाठीवर एक मुलगा झाला होता. त्याला बाळ म्हणत. नाव ठेवायचं ते बाप सुट्टीवर आल्यावर ठेवू, असं ठरलं होतं. बापाला तो एकदाही मांडीवर घ्यायला मिळाला नाही. भर समुद्रात कंपनीचा निरोप आला होता, बाळ तापाने गेला, घरी बाकीचे ठीक. करार संपेपर्यंत उतरता येत नव्हतं. तो घरी पोचला तेव्हा बरेच महिने उलटले होते. बसस्टँडवर घ्यायला आलेला मेहुणा रस्त्यातच म्हणाला होता, तिच्यासमोर विषय काढू नका, आत्ता कुठे सावरलीय.

"मला तुझा मामा म्हणाला होता, विषय काढू नका," तो छकुलीला म्हणाला.

"कधी म्हणाला होता?"

"तेव्हा."

"बाबा," ती हलकेच म्हणाली, "तेव्हाला किती वर्षं झाली."

तो घरी आला तो आज बोलायचंच असं ठरवून. जेवायला बसले. त्याने घसा साफ केला. बायकोने वर पाहिलं.

"मीठ," तो म्हणाला, "मीठ जरा कमी आहे का?"

तिने मिठाची वाटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो न्हाव्याकडून परतला तर दाराला कुलूप होतं. शेजारून किल्ली घेतली. टेबलावर मशीन नव्हतं. आधी त्याला वाटलं, तिने ते ट्रंकेत टाकून दिलं असणार. ट्रंक उघडून पाहिली, तिथेही नव्हतं. बायको कधी न सांगता बाहेर जात नसे. तो दारात उभा राहिला, मग आत येऊन बसला, मग पुन्हा दारात.

उन्हं कलली तेव्हा ती आली. पदराने मान पुसली. पिशवीतून मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पायरीवर जाऊन बसली.

ती हॉस्पिटलचीच कॅसेट होती. दुसरी बाजू वर होती. त्याने ती पहिल्यापर्यंत मागे फिरवली आणि बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग तिचा श्वास, अगदी जवळ. "लाल बटण दाबलंय. चालू आहे का कोण जाणे." मग कडी लावल्याचा आवाज, आणि पावलं.

"तर मी निघालेय. तेव्हा उजाडायच्या आत निघाले होते, आत्ता ऊन आहे. छकुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. ती झोपेतच होती. बाळाला शालीत गुंडाळलं होतं. वाहन काही मिळेना. म्हटलं, पुढे मिळेल."

पावलं. सायकलची घंटा. कुणीतरी विचारलं, "काय मावशी, कुठे?" ती म्हणाली, "इथेच जरा."

"इथे पिठाची गिरणी होती. आता फोनचं दुकान झालंय. इथे थांबून मी त्याच्या कपाळाला हात लावला. पोळत होतं."

पावलं मंदावली. वारा आला. तो वारा त्याने ओळखला, पुलावरचा होता.

"हा पूल तुम्ही ऐकवलात मला. मला ठाऊक होता. इथे त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तेव्हा तो जागा होता. माझ्या कानातलं धरून बसला होता. मी म्हटलं, धर बाबा, धर."

मग नुसती पावलं. लांबून इंजिनाची शिटी आली, फाटकाची घंटा वाजू लागली, आणि गाडी जवळ येत येत मशीनवर आदळली. मालगाडी होती. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. त्याने आवाज कमी करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गाडी संपायलाच तयार नव्हती. शेवटी ती गेली आणि तिचा आवाज आला.

"तेव्हाही असंच झालं. फाटक बंद होतं. फाटकाखालून वाकून जाणाऱ्या माणसांसारखं मला जाता येईना, हातात तो होता. उभी राहिले. आता तुम्ही ऐकलंत, किती वेळ लागतो ते."

पुढे पाखरं आली. तीच पाखरं, जी त्याने सुरेख म्हणून ऐकवली होती. मग फरशीवरची चाकं, कुणाचं तरी खोकणं, घुमणाऱ्या जागेतली माणसांची कुजबुज.

"जिन्याखालचं बाकडं अजून आहे. मी इथे बसले होते. डॉक्टर चांगले होते हो. नर्सने मला चहा दिला होता. कुणी काही कमी केलं नाही. संध्याकाळपर्यंत तो होता. मग नव्हता."

खरखर.

"तुमची कॅसेट त्यानंतर आली. त्याच्यासाठीच केली होतीत. बोटीचा भोंगा होता. बाळा, ऐक, असं म्हणाला होतात. मी लावली. छकुली म्हणाली, आई, थांब, बाळाला आणते. आणि आत गेली शोधायला. ती कॅसेट मी बाकीच्यांत ठेवली नाही. वेगळी आहे. तुम्ही घरी आलात तेव्हा वाटलं, विचारतील. नाही विचारलंत. म्हटलं, ऐकवत नसेल. मग मीही नाही बोलले. पण मला सांगायचं होतं. तुम्ही मला कुठकुठली बंदरं दाखवलीत. मी एकदाच कुठेतरी गेले होते, तेवढं तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

मग ती आपल्याशीच पुटपुटली, "झालं. आता हे बंद कसं करायचं?" खट्ट असा आवाज झाला, पण मशीन बंद झालं नव्हतं. पिशवीत गेलं असावं, कारण सगळे आवाज कापडातून आल्यासारखे झाले. पावलं जिन्यापासून निघाली. पाखरं आली आणि मागे पडली. या वेळी फाटकाची घंटा वाजली नाही. पूल आला. ती मधूनच नाक ओढत होती. पुलावर एकदा थांबली. मग पुन्हा पावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसून तिच्याबरोबर चालत राहिला, आणि घर यायच्या थोडं आधी कॅसेट संपली.

तो बाहेर आला. पायरीवर तिच्याशेजारी बसला. गल्लीत दिवे लागत होते. समोरची बाई कपडे काढत होती. तिने हात केला, दोघांनीही केला.

"पाय दुखले असतील," तो म्हणाला.

"दुखले."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ती वाट बघत होती, हे त्याला जाणवलं. आणि या वेळी ती वाट बघणं थांबवणार नव्हती.

"मला तुझ्या भावाने सांगितलं होतं विषय काढू नका म्हणून," तो म्हणाला. "मी तेच धरून बसलो. रोज आठवायचा गं मला तो. बघितला नव्हता तरी. कसा होता?"

"तुमच्यासारखा," ती म्हणाली. "कान मोठे."

त्याने स्वतःच्या कानाला हात लावला. म्हणाला, "उद्या मला घेऊन चल."

"मशीन घ्यायचं?"

"नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं निघाली. ती पुढे नव्हती आणि तो मागे नव्हता. पहिल्यांदा तिची चाल त्याला सापडेना, पण फोनच्या दुकानापर्यंत सापडली. पुलावर तोच वारा होता. रेल्वेचं फाटक नेमकं उघडं होतं. तरीही ती रुळांच्या अलीकडे थांबली, म्हणून तोही थांबला. मागून सायकलवाला वैतागला, तेव्हा ती हलली.

हॉस्पिटलच्या दारात खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता. तरुण होता. त्याने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"कुणाला भेटायचंय, आजोबा?"

कॅप्टनने बायकोकडे पाहिलं. ती जिन्याच्या दिशेने बघत होती.

"यायला जरा उशीर झाला," तो म्हणाला.

पहारेकऱ्याने मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कुठे उशीर? भेटायची वेळ आहे अजून. जा आत, सावकाश जा."

आत जिन्याखाली बाकडं होतं. त्यावर एक तरुण बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसली होती. शेजारी तिची पिशवी होती. या दोघांना उभं राहिलेलं पाहून तिने मुलाला न हलवता एका हाताने पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि थोडी सरकली. बायको बसली. त्या बाईने आणखी सरकून जागा केली, आणि तो बायकोशेजारी बसला.